ओवीला मेंडोलिन

मुंबईच्या एका कंपनीने माझ्या चार गाण्यांची रेकॉर्ड काढली, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. तीन गाणी मी रचलेली. चौथी आईची जात्यावरची ओवी. तिला मी उडता ठेका चढवला आणि मागे मेंडोलिन वाजवून घेतलं. आईला विचारावं असं सुचलंही नाही. ओवीला कुठे कोणी मालक असतो, असं माझं शहाणपण.

आमच्या धाड गावच्या बाजारात हॉटेलवाल्याने कौतुकाने रेकॉर्ड लाउडस्पीकरवर लावली. समोरच आई-वडील आमच्या मळ्यातली वांगी विकत बसले होते. मी कॉलर ताठ करून लोकांची मतं ऐकत उभा. पहिल्या तीन गाण्यांना कोणी फारसं विचारलं नाही. ओवी लागली आणि चहा पिणारे बोलू लागले.

"आवाज गोड हाय, पण हे टिंगटिंग काऊन लावलं?" भजनी मंडळाचे बुवा कुरकुरले.

"त्यानंच तं पाय हालून राह्यले, बुवा," शिंपी म्हणाला.

गुरुजींनी निकाल दिला, की बायका दळता दळता अशी दुःखं रचतातच, आपण गोडवा तेवढा घ्यावा. मला ते अगदी पटलं. तेवढ्यात शेवटची ओळ आली.

मुराळी आला भाऊ, बैल ना सोडले दारी,
पाणी न पेता गेला, मी शेण थापी परसदारी.

वडिलांच्या हातातला तराजू तसाच राहिला. मामा आईला न्यायला कधी आलाच नाही, त्याला बहिणीची माया नाही, हे आम्ही लहानपणापासून वडिलांच्याच तोंडून ऐकत आलो होतो. आई दळायची तेव्हा ते मळ्यात मोटेवर असत. मी मात्र तिच्या मांडीवर डोकं ठेवून ही ओवी ऐकली, पाठ केली, मुंबईत जाऊन गायली, आणि त्यातलं काही खरं असेल असं मला एकदाही वाटलं नाही.

"तुले माहीत होतं?" वडिलांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

"तुमी त्याले दारातूनच परत लावलं, हे शेजारणीनं सांगतलं होतं. त्याच दिवशी."

मग ती माझ्याकडे वळली. "ते गाणं नव्हतं रे. ते मी जात्याले सांगत होती."

मागून शिंपी म्हणाला, "ते शेवटचं पुन्हा लाव बे." हॉटेलवाल्याने माझ्याकडे बघून हसत सुई परत ठेवली.