मुठीखालचा नंबर

वसंता गेल्याचं त्याच्या भाच्याने सकाळी फोन करून सांगितलं, तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून खुर्चीत बसलो आणि पहिला विचार मनात काय यावा, तर आता आपली होकायंत्राची कडी कोण करून देणार? माणूस किती कोडगा असतो… या गोष्टीला सव्वा महिना झाला. त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही. पण खरी लाज वेगळीच आहे. ती आज लिहून टाकतो.

मी गिरगावचा. जुहूच्या एका फ्लाइंग क्लबात विमानातली घड्याळं दुरुस्त करायचो. घड्याळं म्हणजे वेग, उंची, तेलाचा दाब दाखवणाऱ्या तबकड्या. वसंता घोडपदेवचा, मिलच्या वर्कशॉपमधला टर्नर. आमची गाठ पडली चोरबाजारात, गिरण्यांच्या संपाला दुसरं वर्ष लागलं होतं तेव्हा. एका हौशी मालकाचं कापडी पंखांचं, दोन माणसांचं जुनं विमान आम्ही पुन्हा उभं करत होतो. कॉकपिटमधले निम्मे भाग गहाळ, आणि ते बनवणारी विलायतेतली कंपनी कधीच बंद पडलेली. एका पितळी कडीवरून मी दुकानदाराशी हुज्जत घालत होतो. शेजारी उभ्या असलेल्या एका सडपातळ माणसाने कडी हातात घेतली, आट्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "नका घेऊ साहेब. अर्ध्या सुताने मार खाल." मोजून पाहिलं तर खरंच अर्ध्या सुताचा फरक. मग आम्ही चहा प्यायलो. तो स्वतःची अवजारं विकायला आला होता, हे चहा संपता संपता कळलं. त्या दिवशी त्याने ती विकली नाहीत.

करी रोडच्या एका गाळ्यातल्या लेथवर त्याने आमची कामं सुरू केली. आतलं यंत्र आम्ही क्लबात तपासून घ्यायचो. मुठी, कड्या, बटणं, पाट्या वसंताच्या. सगळ्यात छळलं ते थ्रॉटलच्या मुठीने, म्हणजे पायलट जी पुढे ढकलून इंजिनाचा जोर वाढवतो तिने. पुस्तकातल्या एका धुरकट फोटोपलीकडे काही मिळेना. शेवटी खोताच्या वाडीत, तरुणपणी उडायला शिकलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे ती सापडली. कपाटाच्या खणाला त्यांनी ती लावून टाकली होती! "मापं घ्या, पण काढायची नाही," असं त्यांनी बजावलं. वसंता तीन रविवार त्या कपाटापुढे मांडी घालून बसला. कपडे धुवायच्या साबणाच्या वडीत त्याने मुठीचे ठसे घेतले, मग डोळे मिटून नुसती हाताळत राहिला. मी चिडवलं, "अरे, लग्न ठरवतोयस की मूठ करतोयस?" तो म्हणाला, "गिरगावकर, मापाने आकार येतो रे. हातात बसायला वेगळं लागतं." माझं नाव घ्यायचं सोडून तो मला कायम गिरगावकरच म्हणायचा.

एकूण आठ भाग झाले आणि आठही भागांच्या खालच्या अंगाला त्याने आपला मिलचा तिकीट नंबर, म्हणजे हजेरीपटावरचा आकडा, ठोकला. वर्कशॉपची रीतच तशी होती. काम ज्याचं, नंबर त्याचा. उद्या बिघडलं तर कोणाला विचारायचं ते कळायला हवं. त्याच सुमारास तो कामावर परत घेतील म्हणून गेटवर जाऊन आला होता. मस्टरवरून नाव कमी झालंय, एवढंच त्याला सांगितलं. इकडे विमानमालकाने भाग पाहून नाक मुरडलं. परदेशातून जाणकार मंडळी विमान बघायला येणार होती, त्यांना सगळं असली वाटायला हवं, हे आकडे कसले? वसंताला विचारलं तर तो नाही म्हणेल, हे मला ठाऊक होतं. म्हणून विचारलंच नाही. एका दुपारी शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीत, एकेक भाग आवळला आणि बारीक कानशीने आठही नंबर उडवले.

विमान उडायच्या दिवशी मी त्याला कौतुकाने कॉकपिटमध्ये बसवलं. त्याने मूठ धरली, सवयीने अंगठा खाली नेला… आणि तिथेच थांबला. मी घाईघाईने मालकाचं कारण सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "गेटवर माझा नंबर खोडला तेव्हा वाटलं, जाऊ दे, त्यांना माझं काम कुठे माहीत आहे. तुला तर माहीत होतं." मग तो खाली उतरला आणि नळावर हात धुवायला गेला.

माफी मागायची राहिली. आज मागू, उद्या मागू करत तीस-पस्तीस वर्षं गेली. त्याने मैत्री तोडली नाही, कामही सोडलं नाही. कितीतरी विमानांच्या मुठी आणि कड्या केल्या, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढलं. फक्त नंबर पुन्हा कधी ठोकला नाही. एकदा मी आडून म्हटलं, "टाक की रे खाली." तर म्हणाला, "कशाला? चांगलं दिसतंय." मी ते माफ केल्यासारखं धरलं. सोयीचं होतं.

तेराव्यानंतर मी ठरवलं, निदान त्या मुठीवर तरी नंबर परत घालायचा. ते विमान अजून आहे, आता मालकाचा नातू बघतो. त्याने एका शब्दाने अडवलं नाही. वहिनींकडून वसंताची आकडे ठोकायच्या पंचांची डबी आणली. नऊच पंच, सहाचाच उलटा करून नऊ. मूठ शेगड्यात धरली, हातोडी उचलली… आणि हात तसाच राहिला. नंबर काय होता? चार आकडी होता, एवढंच आठवलं. आठ ठिकाणी मी तो घासला होता आणि एकदाही वाचला नव्हता.

वहिनींकडे परत गेलो. मिलचा पास, पगाराची पाकिटं, सगळं त्याने कधीच चुलीत घातलं होतं. मिलच्या जागी टॉवर उभा आहे, तिथे कोणाला विचारणार? मी वहिनींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "माका काय म्हायत? तुमकाच म्हायत असतलो. तुमचाच काम करीत होते मा ते?"

मूठ मी होती तशी परत बसवली. खालून अंगठा फिरवला की एक जागा गुळगुळीत लागते. घासताना मी फार काळजी घेतली होती, एक रेघसुद्धा मागे ठेवली नाही.