करवतीचे दात

माझ्या पत्त्यांना कोणीतरी हात लावलाय, हे मला दोन बोटं पट्टी विणून झाल्यावर कळलं. कोणीतरी कशाला म्हणू? घरात आम्ही तिघंच. माझी माय खाटेवर बसून असते, तिला धड दिसत नाही. उरले आमचे हे. सारी नोकरी ह्यांनी कचेरीत फायलींचे कोपरे जुळवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यापासून घराचे कोपरे जुळवतात.

हे पत्ते खेळायचे नव्हेत. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे मी चोवीस चौकोन कापले, चारही कोपऱ्यांना भोकं पाडली आणि भोकाभोकातून एकेक दोरा ओवला, कुठे पांढरा, कुठे निळा. दोऱ्यांचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं माझ्या कमरेला. सगळे पत्ते एकदम पाव फेरा फिरवायचे, मधून आडवा दोरा घालायचा, ठोकायचा, पुन्हा फिरवायचे. मोबाइलवर बघून शिकले. खरी गंमत पुढे आहे. पत्ता दोऱ्यावरच उलटा केला की त्याचे दोरे दुसऱ्या अंगाला कलतात आणि नक्षी बदलते. निम्मे पत्ते उलटे केले की बाणाचं टोक निघतं. चारदा पुढे आणि चारदा मागे फिरवले की नागमोडी येते. मी वेड लागल्यासारखी एकामागून एक करून बघत होते.

पण मला हवी होती एकच नक्षी. मायच्या पांढऱ्या लुगड्याचा निळा करवती काठ. ते लुगडं ती फक्त विहारात आणि लग्नाकार्याला नेसायची, आणि ते मी फाडलं. बाळंतपणाला मुकुटबनला माहेरी गेले होते, ती वावरात गेलेली असताना पेटीतून काढून माझ्या लेकीसाठी गोधडी शिवली. काठ बाळाच्या अंगाला बोचेल म्हणून कापून उकिरड्यावर टाकला. संध्याकाळी तिने गोधडी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "काठ कुठी गेला वं? इचाराचं तरी." मी उत्तर दिलं. ती पुढे काही बोलली नाही, आजवर नाही.

आता तिच्या डोळ्यांबद्दल डॉक्टर म्हणाले, आहे तेवढंच, पुढे कमीच होत जाणार. म्हणून घाई. नव्या पांढऱ्या पातळाच्या पदराला लावायला मला तो काठ हवा होता, तिला दिसतंय तोवर.

मोबाइलवरची बाई बजावून सांगते, रेघ एकीकडे आणि दोऱ्याचा कल दुसरीकडे झाला की कड दातेरी येते, ही चूक टाळा. मी तिथेच उठून बसले. तिची चूक हाच माझ्या मायचा काठ! मग कुठले पत्ते उलटे ठेवायचे, यात दोन महिने गेले. प्रत्येक तुकडा मायपुढे धरायचा. ती तो डोळ्याला लावणार, नखाने चाचपणार आणि म्हणणार, "हे नाई. दात बारीक होते." एके दुपारी म्हणाली, "हां, आता आला." मला रडूच आलं. आनंदाच्या भरात कुठला पत्ता कसा ठेवलाय हे लिहून ठेवायचं राहिलं, ही माझी चूक. तीही मी कबूल करते.

आणि नेमके तेच पत्ते ह्यांनी सरळ केले. काहींची छापील बाजू डावीकडे, काहींची उजवीकडे, हे ह्यांना बघवलं नाही. खिडकीशी पट्टी गुंडाळून ठेवली होती, मी दारव्ह्याच्या बाजारात गेले होते. ह्यांनी बसून चोवीसच्या चोवीस पत्ते एका तोंडाने केले. कल एकदम दिसत नाही, थोडी पट्टी पुढे सरकली की दिसतो. दात गेले होते. गुळगुळीत, शहाणी, सरळ रेघ आली होती.

अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तुमाले कोनं सांगतलं होतं हात लावाले?"

"अवं, उलटेपालटे होते सारे. म्या सुलटे करून ठेवले."

"मले इचाराचं तरी!"

"इचारा लागते काय त्यात? पसारा तर होता."

गोधडीच्या त्या संध्याकाळी मायला मी हेच उत्तर दिलं होतं. इचारा लागते काय त्यात, जुनं तर होतं. एक शब्द सोडला तर तेच. माय खाटेवर बसून ऐकत होती. त्याने राग कमी झाला असं कोणाला वाटत असेल तर नाही झाला. दुप्पट झाला, आणि अर्धा कुठे ठेवावा ते कळेना.

तीन दिवस खिडकीपासून हलले नाही. आधीची, दात आलेली पट्टी भिंगाखाली धरली आणि दोऱ्यादोऱ्याचा कल वाचत एकेक पत्ता पुन्हा उलटा केला, या वेळी लिहून. ह्यांनी बिघडवलेली दोन बोटं उसवली मात्र नाहीत. हे म्हणाले, "तेवढं काढून टाक ना." म्हटलं, राहू द्या, दिसू द्या.

पदर पुरा झाला तेव्हा मायच्या मांडीवर ठेवला. हे शेजारीच पेपर घेऊन बसले होते. मायने काठावरून नख फिरवलं, सावकाश, दात मोजत असल्यासारखं. चेहरा फुलला. मग नख थांबलं.

"इथं दात नाई. इथं कोनं हात लावला?"

"लावला एकानं," मी ह्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "न इचारता."

"तसाच लावते लोक," माय म्हणाली.

ह्यांनी मान खाली घातली. पण माय बघत होती माझ्याकडे.