ड्रेक्सलर नावाची चार माणसं

एल्वियो स्कारामेल्ला चिडला की त्याचा आवाज चढत नसे, उतरत असे. रोमच्या स्टुडिओंमधले लाइटवाले नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत, "हा ओरडतोय तोवर काही नाही. कुजबुजायला लागला की शिडीवरून खाली ये."

त्याचा बाप टेस्टाच्चो वस्तीतल्या कत्तलखान्यात कातडी सोलायचा. एल्वियो चौदाव्या वर्षापासून तिथल्याच एका थिएटरात तिकिटं फाडायचा, आणि तिशी ओलांडल्यावर तो दिग्दर्शक झाला. दिग्दर्शक म्हणजे सूट घालून परदेशी महोत्सवांना जाणारा नव्हे. तीन आठवड्यांत सिनेमा उरकणारा. रोमबाहेरच्या पांढऱ्या दगडखाणीत त्याने अकरा काउबॉयपट काढले. घोडे सहाच, तेच इकडून तिकडे पळायचे. नट चार देशांचे, कुणाची भाषा कुणाला कळायची नाही. म्हणून कॅमेऱ्यासमोर ते आकडे म्हणायचे, आणि संवाद मागाहून भरले जायचे. काउबॉय संपले तेव्हा तो हेरांकडे वळला, हेर संपले तेव्हा भुतांकडे.

हे सगळे सिनेमे 'फ्रँक ड्रेक्सलर' या नावाने लागत. नाव त्याच्या निर्मात्याने ठेवलेलं. निर्माता तुल्लियो चेर्क्वेत्ती. त्याला सरकारी किताब मिळाला होता, म्हणून सगळे त्याला 'कमेंदातोरे' म्हणत. मागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"स्कारामेल्ला या नावावर काय खपेल?" चेर्क्वेत्ती म्हणायचा. "सॉसेज. सिनेमाला अमेरिकन नाव लागतं, बाबा."

एल्वियो हसायचा. पोट भरत होतं. त्याची बायको नीवेस संकलन करायची. त्याने काढलेल्या कचऱ्यातून ती संध्याकाळपर्यंत काहीतरी उभं करायची, आणि दर शनिवारी दोघं कोपऱ्यावरच्या खाणावळीत पुदिना घातलेली आतडी खायचे. बारा वर्षं अशी गेली.

मग १९७६ साली त्याने 'पाण्याखालच्या विणकरणी' लिहिला. त्याच्या आईचं गाव एका धरणात बुडालं होतं. बुडालेल्या गावातल्या सात विणकरणी तळ्यातून वर येतात आणि धरणाच्या इंजिनियरच्या घरात एकेक माग मांडून बसतात, अशी गोष्ट. भुताचाच सिनेमा, पण त्यात त्याच्या आईचे शब्द होते, तिचा चरफडाट होता. पहिल्यांदाच तो चेर्क्वेत्तीसमोर टोपी काढून बसला.

"कमेंदातोरे, याला माझं नाव द्या."

"देतो की! एवढंच ना?" चेर्क्वेत्तीने त्याच्या पाठीवर थाप मारली.

धाकट्या विणकरणीसाठी त्याने देल्फीना तार्क्विनी नावाची मुलगी निवडली. वय बावीस, डोंगरातल्या कास्तेल रोव्हानो गावच्या न्हाव्याची एकुलती एक लेक. बाप सोबत आला होता. अन्सोव्हीनो त्याचं नाव. त्याने एल्वियोला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "तुमचे सिनेमे मी बघितलेत. बायका त्यात फार किंचाळतात."

"किंचाळतील, अन्सोव्हीनो. पण माझ्या सेटवर तुमच्या मुलीला कुणी बोट लावणार नाही. हा माझा शब्द."

शब्द त्याने पाळला. नोव्हेंबरच्या गार पाण्यात देल्फीना कमरेएवढी उभी राहायची आणि बाहेर आली की एल्वियो स्वतःचा कोट तिच्या खांद्यावर टाकायचा. नीवेसने सिनेमा एक्क्याण्णव मिनिटांचा बसवला. शेवटचं रीळ मशीनवर बघून ती म्हणाली, "एल्वियो, हा तर खरा सिनेमा झालाय रे."

फेब्रुवारीत सिनेमा लागला. पोस्टरवर नाव होतं फ्रँक ड्रेक्सलरचं. एल्वियो चेर्क्वेत्तीच्या कचेरीकडे निघणार, तेवढ्यात देल्फीनाचा फोन आला. ती रडत नव्हती. तिचा आवाज लाकडासारखा झाला होता.

"गावात सिनेमा लागलाय. बाबा पहिल्या खेळाला गेले होते. काकालाही घेऊन गेले, पाद्रीबाबांनाही. तुम्ही मला काय करायला लावलंत?"

"काय म्हणजे?"

"जाऊन बघा."

तो त्याच दुपारी स्टेशनजवळच्या थिएटरात जाऊन बसला. सिनेमा एकशे चार मिनिटं चालला. देल्फीना दार उघडून आत जाई आणि पुढच्या क्षणी दुसऱ्याच बाईचं उघडं अंग पडद्यावर येई. चेहरा दिसू नये असं काढलेलं, आणि नको ते सगळं दिसेल असं. पुन्हा देल्फीनाचा चेहरा. तिच्या भीतीने मिटलेल्या डोळ्यांचा अर्थच पालटून गेला होता. असं चार वेळा. मागच्या रांगेतले शिट्ट्या मारत होते.

एल्वियोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चेर्क्वेत्तीसमोर तो उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"ते काढ."

"अरे, बाहेरगावचे थिएटरवाले मागतात. त्याशिवाय पडदाच देत नाहीत. पोरीचं काय बिघडलं? अंग तिचं नाहीच."

"तिच्या बापाला सांग जाऊन."

"तू सांग. दिग्दर्शक तू ना?" चेर्क्वेत्ती हसला. "की ड्रेक्सलर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्वियोने नीवेसची कात्री खिशात घातली आणि गाडी काढली. नीवेस जिन्यातून ओरडली, "अरे, काय करणार आहेस?"

कास्तेल रोव्हानोत न्हाव्याच्या दुकानात गर्दी होती. गिऱ्हाईक तुटलं नव्हतं, उलट वाढलं होतं. ज्यांच्या डोक्यावर केस नव्हते तेही दाढीला आले होते; न्हाव्याचं तोंड बघायचं होतं त्यांना. अन्सोव्हीनो खाली मान घालून वस्तरा चालवत होता. त्याने आरशात एल्वियोला पाहिलं.

"तुला खुर्चीत बसवत नाही," तो म्हणाला. "हातात वस्तरा आहे. जा."

एल्वियो तिथून थेट थिएटरात गेला. दुपारचा खेळ सुरू व्हायचा होता. यंत्राच्या खोलीत शिरून त्याने ऑपरेटरला बाहेर काढलं, आतून कडी घातली आणि रिळं जमिनीवर उलगडून तेरा मिनिटं कापून काढली. जोडणं मात्र नीट केलं, चिकटपट्टी लावून, नीवेसने शिकवलं होतं तसं. पोलिसांनी दार फोडलं तेव्हा तो कापलेल्या पट्ट्यांच्या ढिगात बसून बारीक बारीक तुकडे करत होता.

खटला वसंतात उभा राहिला. एल्वियोला वाटलं होतं, इथे तरी आपलं ऐकतील. माझा सिनेमा मी दुरुस्त केला, यात गुन्हा कसला? चेर्क्वेत्तीचा वकील सावकाश उठला.

"हा सिनेमा तुमचा?"

"माझा."

"पोस्टरवर नाव कुणाचं?"

"ड्रेक्सलर. म्हणजे मीच."

"असं? गेल्या मार्चमध्ये हा ड्रेक्सलर एकाच आठवड्यात ट्युनिशियात, युगोस्लाव्हियात आणि रोममध्ये शूटिंग करत होता. तुमच्या अंगात बरंच बळ दिसतंय."

लोक हसले. एल्वियोला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ते नाव चार जण वापरत होते. नाव कंपनीचं. तो कंपनीचा एक नोकर, आणि नोकराने मालकाच्या मालाची नासधूस केली होती.

"आणखी एकच," वकील म्हणाला. "अशी दृश्यं घुसडणं हा तुमच्या मते गुन्हा. मग ७३ साली टिबुर्तिना रस्त्यावरच्या हॉटेलात, दुसऱ्या एका दिग्दर्शकाच्या सिनेमासाठी, अशीच तीन दृश्यं कुणी काढली?"

एल्वियोने प्रेक्षकांकडे पाहिलं. तिसऱ्या बाकावर देल्फीना बसली होती, शेजारी नीवेस. खोटं बोलता आलं असतं. कागद नव्हता, पुरावा नव्हता.

"मी," तो म्हणाला.

"त्या दिग्दर्शकाला विचारलं होतं?"

"नाही."

"त्या सिनेमातल्या नटीला?"

"नाही."

तीन महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित. बाहेर पायऱ्यांवर देल्फीना उभी होती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "हा माणूस काय करतो ते तुम्हाला माहीत होतं. कारण ते तुम्हीच करत होतात."

"देल्फीना, माझ्या सेटवर तर..."

"बास! सेटवर कोट दिलात म्हणून पाया पडू का? आणि माझ्यासाठी रीळ कापलं असं कुठे सांगत फिरू नका. स्वतःच्या सिनेमासाठी कापलंत तुम्ही."

ती गेली. घरी पोचल्यावर नीवेसने कोटही न काढता विचारलं, "त्या मुलीचं नाव काय होतं? ७३ वाल्या?"

त्याला आठवत नव्हतं. नीवेस दहा दिवस बहिणीकडे जाऊन राहिली.

ती नटी शोधायला त्याला दोन वर्षं लागली. तेर्नीच्या पोस्टात ती तिकिटं विकत होती. तो रांगेत उभा राहिला, पाळी आल्यावर त्याने काचेपलीकडे सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं.

"मला वाटायचं, हे कुण्या राक्षसाने केलं असेल," ती म्हणाली. "तुम्ही तर रांगेत उभा राहणारा साधा माणूस निघालात. फारच वाईट झालं हे." आणि तिने खिडकी बंद केली.

चेर्क्वेत्तीशी वाकडं घेतलेल्या माणसाला रोममध्ये कोण काम देणार? एल्वियोने ट्रॅक्टरवर माहितीपट काढले, द्राक्षवेलींच्या भुरी रोगावर काढले. सगळे स्वतःच्या नावाने. तिकडे चेर्क्वेत्ती सुखाने म्हातारा झाला आणि तुरुंगाचं तोंड न बघता अंथरुणात मेला. ती बातमी वाचून एल्वियोने कॉफीचा कप बारच्या भिंतीवर फेकला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, काहीतरी घडेल. काहीही घडलं नव्हतं.

२००४ साली उत्तरेकडच्या एका महोत्सवातून दोन तरुण आले. जाडे चष्मे, ड्रेक्सलरचं नाव छापलेले शर्ट. "मायेस्त्रो! विणकरणींची पूर्ण प्रत सापडली! एकशे चार मिनिटं!"

एल्वियो तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता. तो कुजबुजायला लागला. पोरं लाइटवाली नव्हती, त्यांना खूण कळली नाही. "पण मायेस्त्रो, हा इतिहास आहे, त्यातलं काही कापायचं कसं?" असा त्यांचा हेका. शेवटी त्याने सत्तावीस वर्षांनी देल्फीनाला फोन लावला. ती आंकोनात शाळेच्या मुलांची नाटकं बसवत होती.

"तुम्ही गप्प बसायचं कबूल करत असाल तर येते," ती म्हणाली.

खेळाआधी तीच मंचावर गेली. एल्वियो उठायला लागला तर तिने बोटानेच त्याला बसवलं. मग तिने सांगितलं: बाप कुणाला घेऊन पहिल्या खेळाला गेला, दुकानात केस नसलेली माणसं का येऊ लागली, बापाने नंतर मरेपर्यंत तिच्यासमोर सिनेमा हा शब्द कसा काढला नाही. "त्या तेरा मिनिटांत मी नाही," ती म्हणाली. "जी आहे तिला तुमच्यापैकी कुणी विचारलंय? तिला न विचारता दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा. मी पहिल्या रांगेत बसून प्रत्येकाचं तोंड बघणार आहे."

एक्क्याण्णव मिनिटंच दाखवली गेली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. जेवताना एल्वियो ताटाला हात लावेना.

"टाळ्या वाजवल्या," तो धुमसत म्हणाला. "पण ती बाई कोण, असं एकाने तरी विचारलं का?"

"मग तुम्ही विचारा," देल्फीना म्हणाली आणि मासा सोलू लागली.

त्याने विचारलं. चेर्क्वेत्तीच्या जुन्या कारकुनाला गाठलं, मेकअपवाल्यांची दारं ठोठावली, तीन वर्षं. शेवटी लातीना शहरातला एक पत्ता हाती लागला. ती बाई वारली होती. बहिणीने दार उघडलं, तो कशाला आला ते ऐकून घेतलं, त्याचं नाव विचारलं आणि त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला उंबऱ्याबाहेर लोटलं. जिना उतरताना त्याचा गुडघा फुटला.

नीवेस जखम धुताना म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला असं ढकलायचं म्हणजे!"

"गप्प बैस," एल्वियो म्हणाला. "हात राखूनच ढकललं तिने. तिच्या जागी मी असतो तर पुऱ्या जिन्यावरून खाली फेकलं असतं."