धोंडिबा शेलारचं नाव

गाडीत बसण्याआधी काका चारही टायरांवर काठी आपटून बघत. मग वाकून गाडीखाली डोकावत, तेल गळत नाही ना म्हणून. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या बर्फात, ऐंशीव्या वर्षी, माकडटोपी घालून! मी गाड्यांच्याच कंपनीत इंजिनिअर. माझ्या नव्याकोऱ्या गाडीचा असा पंचनामा झाला की मला हसू यायचं आणि थोडा रागही.

काका म्हणजे शेजारच्या मित्राचे वडील, सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेले. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत पलटणीचा ट्रक चालवत. ट्रक अमेरिकेत बनलेला. "गाडी त्यांची, पण चालवली कोणी?" हे त्यांचं पालुपद. पार्टीत कोणी अमेरिकेचं कौतुक सुरू केलं की काकांची काठी वर झालीच म्हणून समजा. असा एखादा म्हातारा तुमच्याही ओळखीत असेल. लोक ताट घेऊन हळूच दुसऱ्या खोलीत सटकतात. मीही सटकायचो.

तेव्हा इराकची लढाई चालू होती. निम्म्या गाड्यांच्या मागे सैनिकांच्या पाठिंब्याच्या पिवळ्या रिबिनी. काकांच्या नातीला शाळेत निबंध आला: अमेरिका उतरली नसती तर महायुद्धाचं काय झालं असतं? तिने पहिल्याच ओळीत निकाल लावला होता, सगळे हरले असते. काकांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. चार पानांत हिंदुस्थानी सैनिकाचं नाव नाही.

"इट्स नॉट इन द बुक, आजोबा," नात म्हणाली.

"मग मी सांगतो. तुझ्या बाईंना विचार, दहा मिनिटं देतील का."

"बाबा, इंग्लिश जमणार आहे का तुम्हाला?" मित्र म्हणाला. "कॅन्सल करा ना."

काका ऐकतात कसले! बाईंनी होकार दिला आणि इंग्रजीची शिकवणी माझ्या गळ्यात पडली. ग्रोसरीला जाता-येता गाडीत सराव. एकदा वैतागून मी विचारलं, "काका, एवढा हट्ट कशासाठी?"



"माझ्या जोडीला धोंडिबा शेलार होता. डोंगरातल्या रस्त्यावर मी टायर बघायला उतरलो. मागून गाड्या आल्या म्हणून त्यानं ट्रक जरा कडेला घेतला. तिथं सुरुंग होता." मग म्हणाले, "त्याच्या घरी आता कोणी उरलं नाही. त्याचं नाव घेणारा मी एकटा. मी गेलो की तेही गेलं."

ताट घेऊन सटकल्याची मला फार लाज वाटली.

ठरलेल्या दिवशी मी त्यांना शाळेत घेऊन गेलो. काका कोट घालून वर्गासमोर उभे राहिले. तोंड उघडण्याआधीच एका मुलीने विचारलं, "सो, डिड अमेरिका विन इट ऑर नॉट?"

पाठ केलेलं सगळं काकांनी सोडून दिलं. "युअर ट्रक, फर्स्ट क्लास ट्रक. नो ट्रक, मेबी वी लूज. बट ट्रक नॉट गोइंग अलोन."

मी चाट पडलो. एवढं श्रेय त्यांनी अमेरिकेला आमच्यासमोर कधी दिलं नव्हतं.

मग धोंडिबाची गोष्ट सांगून त्यांनी त्याचं नाव फळ्यावर लिहिलं. "से."

"डॉन्डीबा," मुलं हसत म्हणाली. काकांनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा. पुन्हा नकार. दहा मिनिटं कधीच संपली होती, बाई घड्याळाकडे बघत होत्या. काका काठीवर दोन्ही हात ठेवून तसेच उभे. शेवटी नात उठली, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि वर्गाला नाव शिकवू लागली. शेवटच्या रांगेतून ते नीट आलं, तेव्हाच काका खाली बसले.

मे महिन्यात ते साताऱ्याला परतले आणि दिवाळीआधी झोपेतच गेले.

तीनेक वर्षांनी ग्रोसरीच्या दुकानात त्या बाई भेटल्या. मला ओळखून थांबल्या.

"तुम्ही त्या आजोबांबरोबर आला होतात ना? माफ करा, त्यांचं नाव मी विसरले," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पण धोंडिबा शेलार हे नाव मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मुलांना म्हणता आल्याशिवाय पुढचा धडा घेत नाही."

काकांचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते सांगितलं नाही. काकांना जे नाव मागे राहायला हवं होतं, ते राहिलं होतं.