मागून येणारी चाकं

मुलाने ती गाडी जगतपुऱ्याच्या आमच्या घरासमोर आणून लावली तेव्हा मी म्हटलं, "हे काय, फिरता संसार?" छोटी, जुनी मिनीबस होती. आत पलंग, शेगडी, बेसिन, खिडक्यांना पडदे. दुर्गापुऱ्यातल्या एका मराठी डॉक्टरांनी हौसेने करून घेतली होती. ते गेल्यावर त्यांच्या बायकोने विकली. किल्ली देताना बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गाडी चांगली आहे. फक्त मागून कोणीतरी येतंय असं वाटत राहतं. डाव्या आरशात." मला वाटलं, एकटेपणाने डोकं फिरलंय.

मुलगा सुनेला आणि तीन वर्षांच्या नातीला घेऊन भुसावळला निघणार होता. वाटेत घाट. मी विचारलं, "मागच्या चाकांचा आस कोणी बघितला का?" मेकॅनिकने ब्रेक, टायर पाहिले म्हणे. आमच्या ह्यांचा जन्म रेल्वेत गेला, गाडी थांबली की चाकांवर हातोडा मारून आवाज ऐकायचं काम. ते लगेच हातोडी घेऊन गाडीखाली आडवे झाले. ठण, ठण. बाहेर येऊन म्हणाले, "आवाज खणखणीत आहे."

"हा काय रेल्वेचा डबा आहे?" मी म्हटलं.

"मग तू वाजव," म्हणाले.

आदल्या संध्याकाळी आंधी, इकडचं ते धुळीचं वादळ, येऊन गेली होती. सकाळी गल्लीत पिठासारखी धूळ पसरलेली, वर कुत्र्याचंही पाऊल नाही. मी चारी चाकांना हळदकुंकू लावलं, पुढे एकेक लिंबू ठेवलं, नारळ फोडला. नात आत पलंगावर उड्या मारत होती. मुलगा गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन थांबला.

तीन लिंबं चिरडली होती. मागच्या डाव्या चाकाचं तसंच होतं. अख्खं, कुंकवासकट.

आणि धुळीत चाकांच्या दोन रेघा दिसायला हव्यात, तिथे चार होत्या. आमच्या चाकांच्या प्रत्येक रेघेला चिकटून डावीकडे आणखी एक. गल्लीतून दुसरं वाहन गेलंच नव्हतं, मी तिथेच उभी होते. ती दुसरी जोडी आमच्या दारातून निघून आमच्याच गाडीपर्यंत गेली होती. पुढे कुठे नाही.

मी चालत गेले आणि दार उघडून नातीला कडेवर घेतलं.

"आई, लिंबाला काय घाबरतेस?"

"पोर माझ्याकडे राहील. तुला मरायचं असेल तर तू जा."

सून खाली उतरली. मुलगा चिडून मेकॅनिकला घेऊन आला. तो खाली शिरला आणि बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत राहिले. बाहेर आला तेव्हा तळहातावर बोल्टचं तुटकं डोकं होतं. चाकांवरच्या स्प्रिंगचे, कमानीचे पाटे आसावर जागच्या जागी धरणारा तो बोल्ट. डाव्या बाजूने आस मागे सरकला होता. पुढची चाकं सरळ जात होती, मागची त्यांच्या डावीकडून तिरकी.

"माताजी, घाट में पूरा धुरा निकल जाता," तो म्हणाला. धुरा म्हणजे आस.

मी ते डोकं हातात घेऊन पाहिलं. तुटलेली बाजू चकाकत नव्हती, आतपर्यंत गंजून काळी झाली होती. कालपरवाचं तुटणं नव्हे ते. कित्येक वर्षांचं.

नवा बोल्ट बसवला, पाटे बदलले. पुन्हा लिंबं ठेवली, चारही फुटली, धुळीत दोनच रेघा उठल्या. तेव्हाच नातीला गाडीत बसू दिलं. भुसावळहून पोचल्याचा फोन आला.

मग मी दुर्गापुऱ्याला त्या बाईंकडे गेले. म्हटलं, "तुमचं खरं होतं. तुमच्याच गाडीचं मागचं अंग डावीकडे बाहेर यायचं, तेच आरशात दिसायचं."

त्या हसल्या नाहीत. "मी ह्यांना दर खेपेला सांगायचे, मागे कोणीतरी आहे. ह्यांनी मला गोळ्या सुरू केल्या. अजून घेते."

"आता बंद करा."

"गाडी विकली हो," त्या म्हणाल्या, "पण मागचा तो काही गेला नाही."

बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या डाव्या खांद्यावरून दाराकडे बघत होत्या. मी भित्री बाई नाही. पण निघाले ती बस येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.