मामांचा बिनबटणांचा बँजो

अमेरिकेच्या डोंगराळ मुलुखात वाजणारी एकही धून अशी नसेल, जिची सात पिढ्यांची वंशावळ माझ्या बायकोच्या मामांनी दुबईजवळच्या रास अल खैमात बसून काढलेली नाही. ब्लूग्रास नावाचं बँजो आणि फिडलचं ते भरधाव संगीत त्यांच्या कानी कुठून पडलं, देव जाणे. मामा आहेत सिरॅमिक फॅक्टरीत, क्वालिटीला. टाइलवर टिचकी मारून आतला केसाएवढा तडा ओळखायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा उद्योग. जेवायला बसले की ते वाटीवरही टिचकी मारतात. मामी म्हणतात, "आमटी वाढू, की आधी रिपोर्ट लिहिताय?" एखादी धून अमेरिकेच्या कुठल्या खोऱ्यात रुळली, त्याआधी स्कॉटलंडच्या लग्नांत कशी नाचली, आयर्लंडमध्ये तिचं माहेरचं नाव काय होतं, हे सांगून होईपर्यंत ताटातली पोळी कडक होते. एकदा त्यांनी माझ्या मुलीला एका धुनेची आयरिश आई आणि अमेरिकन लेक पाठोपाठ वाजवून दाखवली. "आता फरक सांग!" ती म्हणाली, "आजोबा, इट्स लिटरली द सेम साँग." मामा हर्षाने उठून उभेच राहिले. "बघा जावईबापू, हे कळायला मला चार वर्षं लागली!"

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र घोटाळा झाला. मामांकडे बँजो आहे एवढंच सेक्रेटरींना कळलं होतं. मिरवणुकीला बँजो पार्टी मिळाली म्हणून सगळे खूष! मामा आले ते गोल, कातडं ताणलेलं, लांब मानेचं वाद्य घेऊन. सेक्रेटरी त्याच्याभोवती फिरून म्हणाले, "ह्याची बटणं कुठायत?" मामांनी तिथल्या तिथे बँजोचा इतिहास सांगायला घेतला. हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर अमेरिकेत गेलं, इथवर ते पोचले आणि कुणीतरी ओरडलं, "यल्ला मामा, आरती!" मग त्यांनी आरतीलाही तोच पहाडी ठेका लावला. टाळ्या वाजवताना सगळ्यांची जी दमछाक झाली, ती विचारू नका.

पण मामांच्या मनात एक सल होती. फिडलच्या धुनांचे कागद सापडत, बँजोचे नाहीत. नखाने तारेवर वरून खाली ठोका द्यायचा आणि अंगठ्याने आखूड तार छेडायची, ही जुनी पद्धत कुणाच्या हातातून आली? गुलामांच्या बापजाद्यांची नावं कुणी लिहून ठेवणार होतं थोडीच! अकरा वर्षं ते पुस्तकं धुंडाळत होते.

एका शुक्रवारी दुपारी फॅक्टरीच्या गेटवर त्यांच्या गाडीची बॅटरी गेली. ओढून न्यायला रिकव्हरीची गाडी येईपर्यंत वेळ जावा म्हणून डिकीतला बँजो काढून ते वाजवू लागले. गेटवर पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाचे, पन्नाशीचे एक वॉचमन होते. ते केबिनमधून बाहेर आले, मामांच्या अंगठ्याकडे बघत राहिले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "सर, ये मेरा बाप का हाथ है."

मामांनी बँजो त्यांच्या हातात दिला. वॉचमननी तारा स्वतःच्या सुरात लावल्या आणि तसंच, नखाने, अंगठ्याने वाजवलं. मामांनी घरी पोचायच्या आधीच मला फोन लावला. "अहो, सहा वर्षं रोज सलाम करतोय मी या माणसाला. एकदा विचारलं नाही हो, की घरी काय वाजवता!"

त्यानंतर दर शुक्रवारी दोघांची बैठक बसू लागली. वॉचमनच्या वडिलांचं वाद्य भोपळ्याचं होतं, म्हणून मामींच्या बाल्कनीत भोपळे वाळू लागले. पहिले दोन कुजले. मामींनी सोसायटीभर वासाची माफी मागितली. तिसरा टिकला. त्यावर कातडं चढलं, तारा चढल्या आणि तो घुमला तेव्हा मामी हातातली भाजी तशीच ठेवून बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

गेल्या वर्षी वॉचमनचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. ते भोपळ्याचं वाद्य घेऊन गावी परतले. आता अधूनमधून व्हॉइस मेसेज येतो. वाद्य वाजतं, मागे कोंबड्या, पोरांचा गलका, आणि शेवटी, "सर, गाँव कब आता?" मामा "इन्शाल्ला" म्हणतात आणि गुडघा चोळत बसतात.

परवा आम्ही निघालो तेव्हा मामी मला दाराबाहेर घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "जावईबापू, तिकडे जायला पिवळ्या तापाची लस लागते म्हणे. ह्यांच्या वयाला चालते का हो? जरा विचाराल कुणाला? आणि विचाराल तर दोघांचं विचारा."