दिल्लीच्या बागेतला बैलाचा बूट

...धार काढून झाली होती, गोठा झाडला होता आणि मी दुधाची किटली घेऊन अंथुर्ण्याच्या डेअरीत रांगेत उभी होते. दूध मोजून त्याचं फॅट लावणारे आबा लांबूनच ओरडले, "या बूटवालीणबाई!"

हे नाव आमच्या मालकांमुळं पडलं. ते एकदा कारखान्याच्या सभासदांबरोबर दिल्लीला जाऊन आले आणि सांगू लागले, की तिथल्या घुमटांच्या बागेत गवत कापायचं यंत्र बैल ओढतो आणि बैलाच्या पायांत बूट असतात. तांबडे, नाडीचे! गाव हसलं ते हसलंच. मालकांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी थांबेना.

"आबा, माणूस गेला. आता तरी सोडा की," मी म्हणाले.

"सोडतो. एक बूट आणून दाव, त्याच दिवशी सोडतो!"

घरी आले आणि नणंदेला निरोप धाडला. वन्संचा मुलगा फौजेत, तेव्हा दिल्लीला होता. त्या कधीच्या चला म्हणत होत्या, मीच टाळत होते.

जाणाऱ्यांसाठी सांगते, त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. एसटीनं बारामती, तिथून गाडीनं दौंड आणि दौंडला दिल्लीची गाडी. एक रात्र आणि एक अख्खा दिवस. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरते. फेब्रुवारीतही शाल माणशी एक न्या. आम्ही दोघींत एकच नेली आणि रात्रभर ओढाओढी केली.

मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचायला शिकलेली, म्हणून प्रत्येक स्टेशनाची पाटी मोठ्यानं वाचायचे. भोपाळनंतर वन्सं वैतागल्या. "वहिनी, मनात वाचा. पाट्या काय पळून जात न्हाईत."

"आपणच पळतोय की, म्हणून तर वाचते."

मालकांची घुमटांची बाग म्हणजे लोदी बाग. तिला तिकीट नाही, रिक्षाचं भाडं मात्र आधी ठरवा. आत शिरलो आणि मेंढरं राखणाऱ्या घरात वाढलेल्या वन्संचा जीव कासावीस झाला. "एवढं गवत! दोनशे मेंढरं चरली असती. आन हितं माणसं नुसतीच गोल गोल फिरत्यात!"

तेवढ्यात घुमटामागून पांढरा बैल आला. मागं यंत्र, यंत्रामागं म्हातारा माळी. माझी नजर थेट खुरांवर गेली. अनवाणी!

वन्संनी गवतावरच बसकण मारली. "दादा थापाड्याच हुता, वहिनी. ल्हानपणापासनं."

ज्यांच्यासाठी तीन वर्षं गावाशी भांडले, त्यांनी मलाच बनवलं होतं? मी सरळ माळ्यापुढं जाऊन उभी राहिले. "भैया, बैल का बूट किधर है?"

तो गडबडलाच. "बूट? वो तो बारिश में पहनाते थे, माताजी. गीली ज़मीन में खुर के गड्ढे पड़ते हैं. अब कौन पहनाता है?"

पहनाते थे! त्यानं अवजारांच्या खोलीत नेलं. खिळ्याला एकच बूट लटकत होता. चामड्याची पिशवीच म्हणा, पण नाडीसकट. मी मोडक्यातोडक्या हिंदीत सगळी हकिगत सांगितली. माळी इतका हसला, की बैलानं मान वळवून बघितलं.

"ले जाइए. बैल के पाँव चार, बूट एक, मैं क्या करूँगा?"

उरलेल्या दशम्या मी त्याच्या हातावर ठेवल्या.

वन्संनी बूट उलटसुलट करून बघितला. "काळा हाय की ह्यो. दादा तर तांबडा म्हणायचा."

"तेवढी थाप राहू द्या त्यांची," मी म्हणाले.

बाकी दिल्लीही बघितली, पण ती फारशी आठवत नाही. परतीच्या गाडीत बूट उशाला घेतला होता, त्याला गवताचा वास येत होता. अख्ख्या दिल्लीत या माणसानं बैलाचे पाय न्याहाळले आणि घरी येऊन मला तेच सांगितलं. तुलाही दाखवीन म्हणायचे. "आधी म्हैस विऊ द्या," मी म्हणायचे. दरवर्षी कुठली ना कुठली म्हैस असायचीच.

संध्याकाळी घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे धार काढली, डेअरीत गेले, किटलीच्या आधी तो बूट आबांपुढं ठेवला आणि म्हणाले, "आबा, पहिल्यांदा ह्याचं फॅट लावा."